कळसूबाई : एक सामुदायिक चढाई

कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर. ते भंडारदरा धरणाजवळ असून अकोले तालुक्यातील बारी हे पायथ्याचे गाव आहे. आकाश निरभ्र असल्यास माथ्यावरून रतनगड, हरिश्चंद्रगड आणि अलंग-मदन-कुलंग दिसतात. पावसाळ्यात धुके दिसते. लागून आलेल्या सुट्ट्यांना गर्दी होते ती पावसाळ्यातच.

सुट्टीत हा डोंगर चढणाऱ्या गटात काही घटक आवश्यक असतात : पूर्वी एकदा येऊन गेलेला आणि म्हणून पुढारी झालेला, नवे बूट घेतलेला, पाठपिशवीत चकल्यांचा डबा आणलेला (याच्या मागेपुढे सर्वजण चालतात), आणि ‘फक्त पायथ्यापर्यंत’ म्हणून आलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर होकार दिलेल्यांपैकी निम्मे रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडतात. उरलेल्यांच्या घरी त्याच संध्याकाळी पाहुणे येतात.

चढ पहाटेच्या अंधारात, विजेरीच्या उजेडात सुरू होतो. पहिला अर्धा तास गाणी, दुसरा विनोद आणि त्यानंतर फक्त श्वास ऐकू येतो. याला भूशास्त्रही जबाबदार आहे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून सह्याद्रीचा हा बेसॉल्ट तयार झाला. थरांची झीज सारखी होत नसल्याने कडा, मग सपाटी, पुन्हा कडा अशी रचना झाली आहे. त्यामुळे प्रत्येक कडा माथा वाटतो आणि वर पोचल्यावर खरा माथा आणखी मागे सरकलेला आढळतो. अशा वेळी ‘अजून किती?’ असे विचारल्यास पुढारी ‘दहा मिनिटं’ म्हणतो. बारीचा रहिवासी ‘हे काय, इथंच’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरे असते, कारण सरबतासाठी पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन तो चपला घालून पुढे निघून गेलेला असतो.

कड्यांच्या जागी लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यांच्यापाशी रांग लागते, आणि दमलेल्यांना विश्रांतीचे सन्माननीय कारण मिळते. शिडीच्या मधोमध एकजण सेल्फीसाठी थांबतो. त्याच्याविषयी खालच्या लोकांची मते फोटोत येत नाहीत.

माथ्यावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात येथे जत्रा भरते. आख्यायिकेनुसार कळसू ही चाकरी करणारी कोळी मुलगी. ठरल्याबाहेरचे काम सांगताच ती चाकरी सोडून डोंगरावर आली, ती कायमची. हे ऐकून नोकरदार मंडळी विशेष भक्तिभावाने हात जोडतात. मात्र सोमवारी सकाळी कामावर हजर होतात. दर्शनानंतर बॅनर उघडून गटाचा फोटो काढला जातो. पायथ्यापर्यंतच येणारा गृहस्थ त्यात सर्वांत पुढे असतो.

बारीत पिठलं-भाकरी सांगून ठेवलेली असल्याने उतरताना आग्रह करावा लागत नाही. मात्र उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. परिणामी दुखणे त्या दिवशी फारसे जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बळावते. तोवर सुट्टी संपलेली असते, आणि या कारणासाठी वेगळी रजा मंजूर होत नाही.