राफाएल उतरवण्याची कोल्हापुरी रीत

तैलरंग शिकायचे तर सुरुवात सफरचंदापासून करू नये. सफरचंद चुकलं की शेंबडं पोरही सांगतं. त्यापेक्षा राफाएलची ‘सिस्टिन मॅडोना’ घ्यावी. १५१२ च्या सुमारास काढलेलं हे चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला असतं. ताडून बघायला मंगळवार पेठेतून कोणी जात नाही. नक्कल म्हणून लाजूही नये. खुद्द राफाएलनं १५०४ मध्ये मेरीच्या लग्नाचं चित्र काढलं, त्याची सगळी मांडणी पेरुजिनोची.

मूळ चित्र अडीच मीटरहून उंच. तेव्हा जिन्याचं वळण मोजून मगच कॅनव्हास ठोकावा. छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्याच चौकटी आखून एकेक घर उतरवत जावं. दोन घरं इकडची तिकडं झाली की बाळ येशू तालमीतला दिसू लागतो. तसाच राहू द्यावा, पेठेत तोच भाव खाऊन जाईल.

रंगाचा नियम एकच: खालचे थर टर्पेंटाइन घालून सुके, वरचे जवसाच्या तेलानं तेलकट. मिसळीचा कट कसा वर असतो, तसं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि मेरीच्या गालाला भेगा पडतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं. आपल्या पावसाळ्यात ते कधी वाळेल, हे अंबाबाईलाच ठाऊक. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. हे गमतीनं सांगत नाही.

मग परीक्षक येतात. शेजारच्या काकी मेरीच्या पायांकडं बघून विचारतील, “कोल्हापुरात येऊन अनवाणी व्हय गं बाई?” पोप सिक्स्टसनं मुकुट काढून खाली ठेवलाय, त्याला ‘फेटा’ म्हणतील. वाद घालू नये. चपला रंगवायला दुपार पुरते.

या चित्रात दोन्ही बाजूंना हिरवा पडदा सारलेला आहे, वर दांडीसकट. तो मन लावून रंगवावा. कारण तो बघूनच मंडळाचा अध्यक्ष म्हणणार, “भावा, गणपतीला मागचा पडदा तूच करायचास.” रेनेसाँचं नाव सांगून टाळू नका, आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनीही नाटकाचे पडदे रंगवलेत. फक्त कापडाचे पैसे आधी घ्या.