सहाशे न्यूटन मीटरचे आप्पा

घोडा नाही, घोडा घ्यायची ऐपत नाही, पण नाल ठोकायची हत्यारं मात्र तेलपाणी करून तयार, असा एक माणूस दर गावात असतोच. अलिबाग ते रेवदंडा या पट्ट्यात त्याला आप्पा म्हणतात. वय पासष्टीच्या पुढे, वजन बावन्न किलो, निवृत्त फिटर. थळचा खत कारखाना 1985 साली सुरू झाला तेव्हापासून पाइपांचे फ्लँज आवळण्यात हयात गेली. नोकरी सुटली, आवळणं काही सुटलं नाही. घरातला गॅसचा रेग्युलेटर, काकूंच्या लोणच्याच्या बरणीचं झाकण, पोपटीच्या मडक्याच्या तोंडाशी कोंबलेला भांबुर्डा, सगळीकडे आप्पांचा एकच प्रश्न: "किती आवळलंय?"

आप्पांचं वाहन म्हणजे एक जुनी स्कूटर. आणि शेडमध्ये, गोणपाटाखाली, ग्रीस फासलेल्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेला सेंटर लॉक चाकाच्या हत्यारांचा अख्खा संच.

हे वेड लागलं रो-रो बोटीमुळे. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी बोट सुरू झाली आणि वडखळचे खड्डे टाळून मुंबईच्या गाड्या तासाभरात थेट आपल्या अंगणात उतरू लागल्या. त्यात शनिवार-रविवारी काही अशा, की ज्यांचं पोट जमिनीला लागेल म्हणून रॅम्पवर चार माणसं वाकून बघत उभी राहतात. त्या गर्दीत आप्पाही वाकायचे, पण त्यांची नजर पोटाकडे नसे. चाकाच्या मधोमध वाटीएवढा एकच नट! आपल्या गाडीला चार-पाच नट. त्यात आधी कुठला, मग समोरचा कुठला, यावर फिटर लोकांची भांडणं होतात. इथे वादच मिटला. आप्पा त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत म्हणे.

मग अभ्यास सुरू झाला. हा एकच नट म्हणजे सेंटर लॉक, मुळात ही शर्यतीतली सोय. चाक झटपट निघावं आणि झटपट बसावं म्हणून. 2023 साली कतारला मॅक्लारेनच्या लोकांनी चारही चाकं 1.80 सेकंदांत बदलली. हे सांगताना आप्पा चुटकी वाजवतात, पण सांधेदुखीमुळे चुटकीलाच त्याहून जास्त वेळ लागतो. रस्त्यावरच्या गाडीत पोर्शेने 2009 च्या 911 जीटी-थ्रीला हा नट दिला. आता तो आवळायचा 600 न्यूटन मीटरला. आपल्या मारुतीचं शंभराच्या आतबाहेर भागतं.

सहाशे म्हणजे किती? आप्पांनी किराणा दुकानाच्या पुडीवर हिशेब केला: एक मीटरच्या दांड्याच्या टोकाला एकसष्ट किलोचा माणूस लोंबकळला की सहाशे. आप्पा बावन्न. नऊ किलोंनी काम अडलं. दांड्यात पाइप घालून लांबी वाढवणं हे त्यांच्या लेखी पाप. टॉर्क रेंचचा आकडा मग खोटा बोलतो. म्हणून त्यांनी पाऊण इंची चौकाचा, सव्वा मीटर लांबीचा टॉर्क रेंचच मागवला. "आता एकोणपन्नास किलोंत होतं," ते म्हणाले. "तीन किलो हातात शिल्लक." ते तीन किलो जाऊ नयेत म्हणून त्यांनी एकादशी धरणं बंद केलं.

सरावाला गाडी नव्हती. विहिरीजवळ, पूर्वी रहाट होता त्या जागी, आप्पांनी भंगारातला ट्रकचा स्टब अ‍ॅक्सल सिमेंटमध्ये पुरला आणि लेथवाल्याकडून त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा नट बनवून घेतला. एरवी त्याला बांधलेल्या दोरीवर कपडे वाळतात. पाहुणा आला की कपडे उतरतात आणि प्रयोग लागतो. आधी आट्यांना पेस्ट. मग आतून प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं सॉकेट. नटाच्या रंगाला ओरखडा नको. खऱ्या गाडीत कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरावा लागतो, म्हणून काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं जातं. आप्पा ओरडतात, "ब्रेक!" काकू वालाच्या शेंगा सोलता सोलता उजवा पाय जमिनीवर दाबतात. आप्पा दांड्याला लोंबकळतात, रेंच 'कट्' करतो. मग पाव फेरा सैल, आणि पुन्हा सहाशेचा 'कट्'.

"एकदा आवळल्यावर सैल कशाला केलात?" पाहुणा विचारतो.

"पहिल्यांदा नट बसतो," आप्पा म्हणतात. "दुसऱ्यांदा आपली खात्री बसते."

शेवटी खऱ्या नटाच्या मध्यातला खटका कसा आत दबतो आणि सॉकेट काढल्यावर तो पुन्हा बाहेर आला की नाही हे बघितल्याशिवाय कसं उठायचं नाही, हे ते हातवारे करून दाखवतात, कारण लेथवाल्याला तो खटका जमला नाही. रात्री रेंचचा स्प्रिंग शून्याला आणून ठेवतात. "त्याचा ताण उतरतो," काकू म्हणतात, "यांचा कोण उतरवणार?"

नाक्यावरच्या पंक्चरवाल्याशी आप्पांचं बोलणं म्हणजे दोन धर्मांची गाठ. तो पान्यावर पाय ठेवून उभा राहतो, दोन उड्या मारतो, झालं.

"किती आवळलास रे?"

"फिट्ट."

"फिट्ट म्हणजे किती?"

"फिट्ट म्हणजे फिट्ट, आप्पा."

जुन्या एमजी आणि जॅग्वार गाड्यांबद्दल मात्र आप्पांना हळवा आदर आहे. त्यांच्या तारांच्या चाकांनाही मधोमध एकच नट, पण कानवाला. तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याने ठोकायचा. गाडीच्या उजव्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे चाक फिरताना नट सुटायच्या ऐवजी आवळला जातो. ही अक्कल आप्पांना मान्य आहे. ठोकलेलं मोजता येत नाही, एवढंच दुःख. किनाऱ्यावरच्या शर्यतीत त्यांनी एकदा बैलगाडीच्या आसाची खीळ निरखून "मूळ सेंटर लॉक हेच" असा निकाल दिला होता, पण गाडीवानाने बैल बुजतील म्हणून त्यांना बाजूला केलं.

या सगळ्या शास्त्राला काकूंनी एका वाक्यात भोक पाडलं. मांडव्याला अशीच एक गाडी बघून आल्यावर त्यांनी विचारलं, "अहो, हिच्यात स्टेपनी कुठे ठेवतात?"

ठेवत नाहीत. असल्या गाडीत स्टेपनी नसतेच. टायर फुसका झाला तर भरायला डिंकासारखं द्रव्य देतात, नाहीतर गाडी उचलून न्यायची. म्हणजे आप्पांचा संच रस्त्यात उपयोगी पडेल असा प्रसंग येणंच जवळजवळ अशक्य. आप्पांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "म्हणून काय तयारी ठेवायची नाही?" ते म्हणाले, आणि त्या महिन्यात त्यांनी टॉर्क मल्टिप्लायरची चौकशी सुरू केली.

अखेर चौलच्या अलीकडे खड्ड्यात एक जीटी-थ्री बसली. बातमी पोचताच आप्पा स्कूटरवर निघाले. रेंच आडवा, बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं. मालक तिशीचा, हाफ पँटीत, फोनवर.

"काका, फ्लॅटबेड येतोय. स्टेपनी नसते हिला."

"ठाऊक आहे. मी फक्त नट बघतो."

मुलगा कंटाळलेला होता, म्हणून हो म्हणाला. आप्पांच्या आयुष्यात पहिल्यांदाच खऱ्या गाडीत खऱ्या माणसाने खरा ब्रेक दाबला. सॉकेट बसलं. आप्पा लोंबकळले. 'कट्.' नट केसभरही हलला नाही.

"कुणी आवळलाय?"

"सर्व्हिस सेंटरने."

"माणूस चांगला आहे," आप्पा म्हणाले, आणि पाव फेरा सैल करून बघू का असं विचारलं.

"काका, प्लीज!"

उरलेली तीन चाकं त्यांनी फ्लॅटबेड येईपर्यंत बघून घेतली. चौथा 'कट्' झाल्यावर कपाळ पुसून, फुटक्या टायरवर बसलेल्या त्या अडीच-तीन कोटींच्या गाडीच्या मालकाला आप्पांनी सांगितलं, "आता बिनधास्त चालवा."