सरकारी पैशावर स्वतंत्र पेपर कसा चालवावा : कनेरगाव नाक्यावरच्या नवशिक्यांसाठी

ज्यांचा शहरात स्वतःचा छापखाना आहे आणि ज्यांचा मेहुणा मंत्रालयात आहे, त्यांनी ही मार्गदर्शिका वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांचं छान चाललं आहे. ही लिहिली आहे ती हिंगोली-वाशिम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला एसटीतून उतरणाऱ्या, मोबाइलमध्ये खड्ड्यांचे फोटो आणि डोक्यात एक साप्ताहिक घेऊन फिरणाऱ्या होतकरू माणसासाठी. त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं, की सरकार छोट्या पेपरांना पैसे देतं. खरं सांगितलेलं असतं. पैसे कशाचे देतं, तेवढं सांगायचं राहून गेलेलं असतं.

जागेची निवड

जागा उत्तम निवडलीत. वाशिमकडे निघालात, पैनगंगा ओलांडली, की विदर्भ. अलीकडे मराठवाडा. एकेकाळी इकडे निजामाचं हैदराबाद संस्थान आणि तिकडे वऱ्हाड. आता इकडे हिंगोली जिल्हा, छत्रपती संभाजीनगर विभाग, आणि तिकडे वाशिम जिल्हा, अमरावती विभाग. दोन्ही जिल्हे तसे नवेच. वाशिम 1998 मध्ये अकोल्यातून निघाला, हिंगोली 1999 मध्ये परभणीतून. अशा ठिकाणी बातमी आपणहून पायाशी येते. रस्त्यावर अपघात झाला की पहिला प्रश्न जखमीचा नसतो, हद्दीचा असतो. पूर आला तर पाणी दोन्हीकडे सारखंच शिरतं, पण पंचनामे वेगळे, तहसीलदार वेगळे आणि मदतीची यादी लागण्याची तारीखही वेगळी. एवढ्या मालावर एक साप्ताहिक आरामात निघतं.

तुम्हाला मालाची काळजी नाहीच. काळजी आहे ती पुढची.

नाव आणि नोंदणी

पूर्वी 1867 चा कायदा होता. त्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन घोषणापत्र करावं लागे. 1 मार्च 2024 पासून नवा कायदा लागू झाला आणि सगळं ऑनलाइन प्रेस सेवा पोर्टलवर गेलं. म्हणजे आता कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांऐवजी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या स्टुलावर बसावं लागतं. सुधारणा आहे.

नावाची घाई करू नका. तुम्हाला जे सुचेल ते बहुधा आधीच कोणीतरी घेतलेलं असेल. सत्य, लोक, जन, क्रांती, प्रहार, टाइम्स हे शब्द कागदावर लिहा, जोड्या लावा आणि नशिबात येईल ती घ्या. कंटाळा आला तर आ. कृ. वाघमारे यांची आठवण काढा. 1938 मध्ये त्यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं ते संस्थानाबाहेर, पुण्यातून. निजामाने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा काढत. त्यांना सरकारकडून बंदी मिळत होती, जाहिरात नव्हे, त्यामुळे कोणती बातमी पहिल्या पानावर घ्यावी याबद्दल त्यांच्या मनात फारसा गोंधळ नसावा.

खप

हा भाग नीट वाचा, यावरच सगळं उभं आहे.

राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची एक यादी असते. तिला शासनमान्य यादी म्हणतात आणि तिच्यात अ, ब, क असे वर्ग असतात. यादीत असाल तर सरकारी जाहिरात मिळते, नसाल तर तुम्ही कितीही चांगलं लिहा, सरकारच्या लेखी तुम्ही छापील कागद आहात. दिल्लीची, म्हणजे केंद्राची, पद्धत वेगळी. तिथे 25,000 प्रतींपर्यंत लहान, 75,000 पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठा. दोन्हीकडे तुमचा आकार प्रतींवरून ठरतो. कनेरगावात शाळेच्या पोषण आहारावर तुम्ही किती नेमकं लिहिलंत, हे मोजायला रकाना नाही.

तेव्हा खप हवा. खप दोन प्रकारचा असतो, एक लोकांच्या घरी जातो, दुसरा सीएच्या प्रमाणपत्रावर. दुसरा स्वस्त पडतो. या धंद्यात 'फाईल अंक' नावाची चीज आहे, ती शिकून घ्या. छापखान्याला सांगायचं, एवढ्याच प्रती मारा. एक माहिती कार्यालयाला, एक-दोन जिल्हा परिषदेला, ज्यांची जाहिरात आहे त्या कार्यालयाला बिलासोबत लावायला दोन, एक स्वतःच्या बांधणीला, आणि उरलीच तर हॉटेलवाल्याला. तो तिच्यात भजी बांधतो, म्हणजे निदान एका प्रतीवर गिऱ्हाइकाचा हात फिरतो. सगळेच असं करतात असं नाही. खरोखर अंक छापून एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती गठ्ठा देणारे, पहाटे नाक्यावर तो उतरवून घेणारे आणि घरोघर टाकणारे लोक आहेत. यादीत त्यांचा वर्ग फाईल अंकवाल्यापेक्षा वरचा असेलच, याची हमी मात्र कोणी देत नाही.

जाहिरात

आता मूळ मुद्दा. सरकार तुम्हाला अनुदान देत नाही. सरकार तुमच्याकडून जागा विकत घेतं, प्रति चौरस सेंटिमीटर दराने. दर 2018 च्या शासकीय संदेश प्रसारण धोरणाच्या वेळी ठरले, पेपरच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त. म्हणजे तुमच्या पेपरात जिथे तुम्ही काही लिहिलेलं नाही, तेवढ्याच भागाला किंमत आहे. हे एकदा नीट समजलं की धंद्यातली निम्मी कोडी सुटतात.

सरकारी जाहिराती दोन तऱ्हेच्या. वर्गीकृत म्हणजे ई-निविदा, नोटिसा, लिलाव. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, वाचणारे तीन ठेकेदार, आणि तेही आधीच ठरलेले. दर्शनी म्हणजे रंगीत, मोठी, योजनेची. तिच्यात फोटो असतात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की सरकारी जाहिरातीत फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचे असावेत. राज्यांना हे सहन झालं नाही. 2016 मध्ये मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली, आणि योजनेचा मजकूर पुन्हा फोटोंच्या मधल्या बोळात राहायला गेला.

तुमचा पेपर यादीत यायचा आहे तोवर, किंवा तुम्ही दुसऱ्याच्या पेपरचे गाववार्ताहर असाल तर कायमच, तिसरी तऱ्हा आहे ती शुभेच्छांची. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, दिवाळी, पेपरचा वर्धापन दिन आणि साहेबांचा वाढदिवस. गाववार्ताहराला पगार नसतो. त्याला ओळखपत्र असतं आणि जाहिरातीचं टार्गेट असतं. टार्गेट पुरं झालं तर कमिशन, नाही तर पुढच्या वर्षी ओळखपत्र दुसऱ्याच्या गळ्यात. त्यामुळे ज्या गावच्या नालीचं काम चार महिन्यांत वाहून गेलं, त्याच गावच्या सरपंचाच्या ओसरीवर तुम्ही पावती पुस्तक घेऊन बसता. चहा येतो.

"अर्ध पान देतो की भाऊ. रंगीत करा," सरपंच म्हणतात. "फक्त ते नालीचं तेवढं राहू द्या औंदा."

नवशिक्यांना वाटतं, ही लाच आहे. तसं नाही. लाचेत पैसे लगेच मिळतात.

बिल

जाहिरात छापून आली, आता बिल. बिलाच्या तीन प्रती, आरओची म्हणजे जाहिरातीच्या आदेशाची प्रत, अंकाची मूळ प्रत, सगळं एकत्र टाचून आवक-जावकला द्यायचं आणि पोच घ्यायची. पोच जपून ठेवा, कारण पहिल्या फेरीत ते बिल सापडत नाही. दुसऱ्या फेरीत सापडतं, पण बाबू रजेवर असतो. तिसऱ्या फेरीत बाबू असतो, पण तरतूद नसते. मार्चमध्ये तरतूद येते, तेव्हा तुमच्या आधी आलेल्यांची रांग असते. याला कोणी सेन्सॉरशिप म्हणत नाही आणि म्हणूही नये. कोणी तुम्हाला बातमी छापू नका असं सांगितलेलं नाही. फक्त बिलाच्या चौकशीला जाण्याच्या आदल्या अंकात त्या कार्यालयाबद्दल काय छापायचं, हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं.

बातमी (ऐच्छिक)

जागा उरल्यास घालावी.

उदाहरणार्थ, पैनगंगेचं पाणी शिरून सोयाबीन पिवळं पडलं. नदीकाठच्या शिवारात तुम्ही पायी गेलात, चिखलात चप्पल गेली, शेतकऱ्याने सांगितलं, की पंचनाम्याला आलेल्या माणसाने रस्त्यावरूनच शेत बघितलं आणि यादीत नाव आलं नाही. तुम्ही सात-बारा बघितला, यादी मागवली, दोन्ही ताडून बघितलं. ही बातमी आहे. आता पान लावताना बघा, की त्याच पानावर पीक विम्याची दर्शनी जाहिरात आली आहे का. 2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता, 2025 मध्ये ती एक रुपयाची सोय बंद झाली. योजना सुरू होते तेव्हा जाहिरात येते. बंद होते ते बातमीतूनच कळवावं लागतं, आणि तिला सेंटिमीटरचा दर नाही. शिवारापर्यंतच्या पेट्रोलचा खर्च तुमच्या कोणत्या बिलात बसतो? बसत नाही. म्हणून मथळा ठेवा 'नदीकाठी पिकांचे नुकसान', चार ओळी, आतल्या पानावर. शेतकऱ्याचं नाव राहिलं तरी चालेल, यादीतही राहिलंच होतं.

अनुदान दुसरीकडे मिळतं का?

मिळतं, पण तिकडची बस नाक्याला थांबत नाही. नॉर्वेत 1969 पासून सरकार पेपरांना थेट मदत देतं, आणि कोणाला किती हे नियमाने ठरतं, मंत्र्याच्या मर्जीने नाही. कॅनडात 2019 मध्ये स्थानिक बातमीदार नेमायला सरकारी पैसे मिळू लागले. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने 2018 मध्ये कायदा करून विद्यापीठांना सोबत घेऊन एक संस्था उभी केली. पैसा सरकारचा, वाटप मात्र मंत्र्याच्या टेबलावरून नाही. ब्रिटनमध्ये बीबीसी आपल्या परवाना शुल्कातून सुमारे 165 वार्ताहरांचा खर्च उचलते. ते स्थानिक पेपरांत काम करतात, नगरपालिकांच्या सभांना बसतात आणि त्यांच्या बातम्या इतर पेपरांनाही वापरता येतात. हिंगोली जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत शेवटपर्यंत बसून राहणारा एक पगारी माणूस, ही कल्पनाच किती दांडगी आहे. त्याला जाहिरात नको, शुभेच्छा नकोत. असा माणूस बघून सभागृहातल्या पंख्याखाली किती जणांना घाम फुटेल.

आपल्याकडे खजिना रिकामा आहे असं मात्र कोणी समजू नये. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री योजनादूत जाहीर केले. 50,000 जण, महिना 10,000 रुपये, सहा महिने, गावात प्रत्येक ग्रामपंचायतीला एक. काम काय, तर योजना लोकांपर्यंत पोहोचवणं. म्हणजे गावपातळीवर निरोप्याला पगार द्यायची सरकारची तयारी आहे, फक्त निरोप वरून खाली यायला हवा. खालून वर जाणारा निरोप तुम्ही स्वतःच्या पेट्रोलने न्यायचा.

तोही कोणी बघत नाही असं नाही. मार्च 2025 मध्ये सरकारने सुमारे 10 कोटी रुपये खर्चून माध्यमांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला मंजुरी दिली. बातम्या गोळा करायच्या, सकारात्मक-नकारात्मक अशी वर्गवारी करायची, दिशाभूल करणारी वाटली तर खुलासा पाठवायचा. नवशिक्यांनी याचं स्वागतच करावं. तुमचा पेपर लिहायला पगार नाही, पण वाचायला आता कोणीतरी पगारी आहे. फाईल अंकाला एवढा निष्ठावान वाचक यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

सन्मान

शेवटी सन्मान आहेच. अधिस्वीकृती पत्रिका मिळाली तर एसटी फुकट. आजारी पडलात तर शंकरराव चव्हाण यांच्या नावाचा पत्रकार कल्याण निधी आहे. मार खाल्लात तर 2017 चा पत्रकार संरक्षण कायदा आहे, मारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. आणि म्हातारे झालात तर आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना. वय 60, अनुभव 30 वर्षं, महिन्याला आधी 11,000 रुपये होते, नंतर 20,000 झाले. रक्कम चांगली आहे, टिंगल करण्यासारखी नाही, कितीतरी जणांच्या औषधाला ती कामी येते. अट एवढीच, की तुम्ही पत्रकार होतात हे कागदावर दाखवायचं. गाववार्ताहराकडे कागद कुठला? नियुक्तीपत्र कोणी दिलं नाही, पगारपत्रक नव्हतंच, नाव बातमीवर 'वार्ताहर' एवढंच यायचं. तेव्हा आजपासून कात्रणं जमवायला लागा. आजारी पडलात, मार खाल्लात, साठी गाठलीत, तर सरकार पाठीशी आहे. मधल्या काळात, हातपाय धड असताना, तेवढं तुमचं तुम्ही बघा.

6 जानेवारीला पत्रकार दिन. 1832 मध्ये त्या तारखेला बाळशास्त्रींनी 'दर्पण' काढलं. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते आणि 'दर्पण'ही चालवत होते, म्हणजे पोटाची सोय बाहेर करून ठेवण्याची चाल या धंद्यात जुनीच आहे. त्या दिवशी कार्यक्रम होईल, शाल-श्रीफळ मिळेल. ज्यांच्या टेबलावर तुमचं बिल अडलं आहे तेच साहेब प्रमुख पाहुणे असण्याची शक्यता बरीच. शाल अंगावर पडताना बिलाचा विषय काढू नये. फोटोत हसावं. 7 तारखेला सकाळच्या गाडीने हिंगोली गाठावी. नंतर अंक निघाला, की त्याच्या दोन प्रती न्याव्यात, एक साहेबांना, एक आवक-जावकला. कार्यक्रमाची बातमी पहिल्या पानावर, साहेबांच्या फोटोसह. नालीचं पुढच्या अंकात बघू.