नेम पोराचा की मशीनचा?

"ऐकलात का वहिनी, कोपऱ्यावरच्या घरातल्या पोराचं?"

अक्कांनी अशी सुरुवात केली की गॅस बंद करून यायचं, हे इतक्या वर्षांत मला पाठ झालंय. जुळे सोलापुरात आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढीच आहे. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या आणि आमची सोय झाली.

"काय केलं त्यानं?"

"डबी लावून खेळत होतं म्हणे! सुट्टीभर गल्लीतल्या पोरांना हरवलं. हरेल त्यानं पार्क चौपाटीवर सगळ्यांना खाऊ घालायचं, असं ठरलेलं. माझ्या थोरल्या नातवाचा खिसा पार धुऊन निघाला. अन् काल बघितलं तर त्याच्या टीव्हीमागं डबी!"

"कसली डबी?"

"ते मला काय कळतंय? थांबा, नातीला हाक मारते."

नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती आली ती हसतच. "आजी, डबी काय म्हणतेस? ॲडॉप्टर आहे तो."

"डबीच की ती. सांग वहिनींना."

तिनं सांगितलं ते असं. बंदुकीचे खेळ दोन तऱ्हेनं खेळतात. कॉम्प्युटरवाले माऊसनं आणि टीव्हीला प्लेस्टेशन-एक्सबॉक्स जोडणारे कंट्रोलरनं. माऊस जेवढा सरकवाल तेवढंच निशाण सरकतं. मनगट, कोपर, खांदा, सगळा हात कामाला असतो. कंट्रोलरवर अंगठ्याखाली छोटीशी दांडी असते, तिला स्टिक म्हणतात. ती किती सरकायचं ते सांगत नाही, किती वेगानं फिरायचं ते सांगते. दाबून धरली की निशाण फिरतच राहतं आणि बरोबर जागेवर थांबवायचं काम एकट्या अंगठ्याचं. म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी कंट्रोलरवाल्याला हात दिला. त्याचं नाव एम असिस्ट. निशाण शत्रूजवळ आलं की स्टिक आपोआप जड होते, म्हणजे वेग कमी होतो. काही खेळांत त्याहून पुढची मदत असते. शत्रू बाजूला सरकला की निशाणही थोडं त्याच्याबरोबर ओढलं जातं.

"आत्ताचं खूळ असणार हे," मी म्हटलं.

"छे हो काकू. १९९७ च्या गोल्डनआयमध्ये नेम आपोआप लागायचा. २००१ मध्ये हेलो आला, त्यानं ही मदत इतक्या बेमालूम बसवली की खेळणाऱ्याला वाटावं, नेम आपलाच. तेव्हापासून टीव्हीवरचे बंदुकीचे खेळ याच वाटेनं चाललेत."

"अन् डबी?" अक्का मुद्दा सोडणाऱ्यातल्या नव्हेत.

"त्या पोरानं टीव्हीच्या मशीनला माऊस जोडला. मधली डबी मशीनला सांगते, हा माऊस नाही, कंट्रोलरच आहे. म्हणजे नेमाला अख्खा हात माऊसचा, वर कंट्रोलरवाल्याला मिळणारी मदतही."

"दोन्ही हातांत लाडू!" अक्का म्हणाल्या. "तरी त्याची आई म्हणत होती, आमच्या पोराच्या बोटात जादू आहे."

अशी पोरं सोलापुरातच निपजतात असं नाही. जगभर या डब्यांचा उच्छाद झाला. रेनबो सिक्स सीज या खेळाच्या कंपनीनं २०२३ मध्ये त्यासाठी सापळाच लावला आणि त्याचं नावही माऊसट्रॅप ठेवलं. डबी सापडली की तो खेळाडूला हाकलत नाही. त्याच्या प्रत्येक हालचालीला उशीर लावतो. बंदूक हातात, पण चाप ओढल्यावर बार थांबून होतो.

"हे बरं केलं," अक्का म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण थांब गं. म्हणजे आपल्या धाकट्यालाही मशीनच नेम धरून देतंय की! त्याला डबी लागत नाही एवढंच."

खरं भांडण इथंच होतं. थोरला नातू माऊसवाला, धाकटा कंट्रोलरवाला आणि आजकाल बऱ्याच खेळांत दोघांना एकाच मैदानात सोडतात. रात्री त्यांची जुंपते ती आमच्या बेडरूमपर्यंत ऐकू येते. "तू नाही मारलास बे, मशीननं मारलं!" "तुला अख्खा हात हाय, मला अंगठा हाय, कळालं का?"

एवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून मामांचा आवाज आला. मामा सोरेगावच्या एसआरपी कॅम्पातून निवृत्त झालेले. बंदुकीचं नाव निघालं की त्यांना राहवत नाही. "आमच्या चांदमारीला कोण नव्हतं मदतीला! श्वास धरायचा, चाप दाबायचा. गोळी इकडं-तिकडं गेली की उस्ताद पाठीत घालायचा."

नात गप्प बसणारी नव्हे. "मामा, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला पदक घेतलं, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? १ ऑगस्ट २०२४. पन्नास मीटर रायफल, तीन पोझिशन, ब्राँझ. रेल्वेत टीसी होता तेव्हा पोरगा."

"त्याच्या अंगात ते जाड, कडक जाकीट होतं ना? ते कशाला?"

मामा जरा थांबले. "पाठीला आधार. अंग हलू नये म्हणून."

"म्हणजे मदतच की! पण ते जाकीट किती जाड, किती कडक, हे स्पर्धेत मोजून बघतात. मापापेक्षा जास्त निघालं तर चालत नाही. सगळ्यांना तेच माप. आणि पिस्तूलवाल्याला ते जाकीट नाही, त्याला एका हातानंच मारावं लागतं. म्हणून पिस्तूलवाला आणि रायफलवाला एका रांगेत उभे करून कुणी नंबर काढत नाही."

मामांनी मान हलवली. पोलिसातल्या माणसाची मान सहसा आडवी हलते, ही उभी हलली.

तेवढ्यात मला गड्ड्याच्या जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल आठवला. होम मैदानावर दर संक्रांतीला असतो तो. तिथल्या छऱ्याच्या बंदुकीची माशी बहुतेक वाकडी. ती ज्याला ठाऊक, तो मुद्दाम बाजूला नेम धरतो आणि फुगा फोडतो. नवखा सरळ धरतो आणि पैसे घालवतो. मी म्हटलं, एम असिस्टही तसंच असणार. मशीन कुठं ओढतंय ते ओळखून त्यावर स्वार व्हायचं, हेही कसबच.

"बरोबर काकू, पण अर्धंच," नात म्हणाली. "डोळ्यानं बघून हात हलायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. शत्रू एकदम उलटा वळला तर माऊसवाल्याला तेवढा उशीर होणारच. मशीनला होत नाही. म्हणून जवळच्या मारामारीत कंट्रोलरवाला भारी पडतो. लांबच्या नेमाला मात्र माऊससारखं काही नाही."

मग तिनं एपेक्स लेजेंड्सचं सांगितलं. त्यात या मदतीला आकडाच आहे. टीव्हीवाल्यांना ०.६, कॉम्प्युटरवाल्यांत जाऊन कंट्रोलर धरणाऱ्याला आधी ०.४. उलट पेटीतलं सामान उचलताना माऊसवाला पळू शकायचा, कंट्रोलरवाल्याला उभं राहावं लागायचं. एवढं असूनही मोठमोठे माऊसवाले कंट्रोलरकडे वळले. टीएसएम संघाचा तेव्हाचा कप्तान, इम्पीरियलहॅल म्हणून ओळखतात त्याला, त्यानंही माऊस ठेवून दिला. शेवटी २०२४ मध्ये कंपनीनं ०.४ चे ०.३ केले.

"म्हणजे कंपनीनंच कबूल केलं," अक्का म्हणाल्या.

"कबूल म्हण किंवा तराजू सारखा केला म्हण. काहींनी ते भांडणच नको म्हटलं. व्हॅलोरंट २०२४ मध्ये टीव्हीवर आला, पण त्या लोकांची कॉम्प्युटरवाल्यांशी गाठच पडू देत नाहीत."

"अन् ते पब्जी?" पब्जी मामांनाही माहीत. २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं बंद केला तेव्हा आमच्या गल्लीत दोन दिवस सुतक होतं. पुढं बीजीएमआय नावानं आला, २०२२ ला परत बंद आणि २०२३ ला परत चालू.

"त्यात बोट काचेवर घासायचं, ते कंट्रोलरपेक्षा अवघड. म्हणून मदत सगळ्यांनाच मिळते. मूळ पब्जीत कुणी फोनचा खेळ कॉम्प्युटरवर चालवून माऊसनं खेळायला लागला, तर त्याला तसल्याच लोकांत टाकतात. बरेच जण तर फोनच हलवून नेम धरतात आणि चार-चार बोटांनी खेळतात."

अक्कांनी सुपातल्या शेंगा एकदा पाखडल्या. "मग खरा खेळाडू कोण गं? थोरला का धाकटा?"

"दोघंही नाहीत. मी."

मामा गच्चीवरून मोठ्यानं हसले. पण पोरगी खरं सांगत होती. तिच्याकडे दादाचा जुना माऊस, नेम बेताचा, तरी दोघांना हरवते. तिचं म्हणणं, नेम लागायची वेळ येते तोवर अर्धा खेळ झालेला असतो. पावलांचा आवाज कुठून येतोय, कोणत्या भिंतीआड उभं राहायचं, समोरचा कुठल्या दारातून निघणार, गोळ्या कधी राखायच्या, हे मशीन कुणालाच सांगत नाही. धाकट्याला मदत मिळते म्हणून तो उघड्यावर धावतो. थोरला नेम चुकला की धाकट्याच्या मशीनला शिव्या देतो. नाचता येईना अंगण वाकडं, दोघांचंही.

मला तिचं पटलं. मदत घेण्यात कमीपणा नाही. ती किती, हे मोजलेलं हवं आणि समोरच्याला ठाऊक हवं. धाकट्याची मदत कंपनीनं उघड दिलेली आहे, तिच्यावर वाद घालता येतो, आकडा कमी करता येतो. डबीवाल्याशी वाद तरी काय घालणार? तो कुठल्या खेळात आहे हेच समोरच्याला माहीत नसतं.

"ते सगळं खरं," अक्का म्हणाल्या, "पण सुट्टीभरच्या भेळपुरीचं काय? मी त्याच्या आईला सांगणार आहे. रविवारी त्यानं गल्लीतल्या सगळ्या पोरांना चौपाटीवर न्यायचं. आणि मामा, तुम्हीही जा बरोबर."

"मी कशाला?"

"खिशात पाकीट आहे का डबी, ते बघायला कुणीतरी पोलीस नको का?"