दाराला साखळी, भिंतीवर पत्ता

जनगणनेचं काम केलेल्या कुठल्याही मास्तरांना विचारा. बेल वाजवली की आधी दाराच्या भिंगाआड एक डोळा येतो. मग साखळी न काढता दार चार बोटं उघडतं आणि आतून आवाज येतो, “काय पाहिजे?” २०११च्या जनगणनेत घरयादीच्या फॉर्मात ३५ प्रश्न होते. भिंती कशाच्या, खोल्या किती, पाणी कुठून येतं, टीव्ही आहे का, गाडी आहे का. पाण्यापर्यंत गृहस्थ कसाबसा तग धरतो. गाडीचं नाव निघालं की मात्र त्याच्यातला नागरिक जागा होतो. “तुम्हाला काय करायचंय?” खाली पार्किंगमध्ये हार घातलेली कोरी करकरीत गाडी उभी असते. ती मेव्हण्याची आहे असं सांगून तो दार लावून घेतो.

खरं तर इतका निरुपद्रवी पाहुणा त्याच्या दारी वर्षानुवर्षांत आलेला नसतो. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ने या माहितीला कुलूप घातलं आहे. ती कुणालाही तपासता येत नाही आणि त्या कायद्याखालचे खटले सोडले तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. पण कायद्याने ज्याचं तोंड बांधलंय त्याच्यावर विश्वास ठेवेल तर तो गृहस्थ कसला!

त्याच रात्री तो फेसबुकवर त्याच गाडीचे अकरा फोटो टाकतो. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, नंबरप्लेट ठसठशीत, मागे सोसायटीच्या नावाची कमान. मजकूर : ‘स्वकष्टाची. आईबाबांच्या आशीर्वादाने.’ खाली पहिली कमेंट मेव्हण्याची असते, ‘अभिनंदन दाजी, पार्टी कधी?’

चोरी हा पूर्वी फार कष्टाचा धंदा होता. भंगारवाला होऊन गल्लीत फिरावं लागे. कुणाच्या दाराशी दोन दिवसांचे पेपर पडलेत, कुणाच्या दुधाच्या पिशव्या कडीला तशाच लटकताहेत, यावर नजर ठेवावी लागे. गृहस्थालाही हे ठाऊक होतं. म्हणून आजही तो गावाला जाताना पेपरवाल्याला हळूच सांगतो, दूधवाल्याला हळूच सांगतो, शेजारच्या वहिनींकडे किल्ली देताना आवाज खाली आणतो. “कुठे निघालात?” असं त्यांनी विचारलं तर म्हणतो, “इथेच, जरा बाहेरगावी.” एवढी काळजी घेऊन तो विमानतळावर पोचतो आणि तिथून जगाला कळवतो : ‘मुंबई ते सिंगापूर. पाच रात्री, सहा दिवस. सहकुटुंब.’ सहकुटुंब या शब्दाचा एरवी काहीही अर्थ असो, चोराच्या शब्दकोशात त्याचा अर्थ ‘घरी कुणी नाही’ असा आहे.

ही बाब नेदरलँड्समधल्या तीन तरुणांच्या २०१०मध्येच लक्षात आली होती. त्या काळी लोक फोरस्क्वेअर नावाच्या अ‍ॅपवरून ‘मी आत्ता अमुक हॉटेलात’ असं ट्विटरवर कळवत. या तिघांनी ती सगळी वाक्यं एका पानावर ओळीने मांडली आणि त्या संकेतस्थळाला नाव दिलं ‘प्लीज रॉब मी’, म्हणजे ‘कृपया मला लुटा’. पानावर त्यांच्या पदरचं फारसं काही नव्हतं. होती ती लोकांनी स्वखुशीने दिलेली निमंत्रणं. टीका झाली ती निमंत्रणं देणाऱ्यांवर कमी आणि ती एकत्र चिकटवणाऱ्यांवर जास्त.

या विषयातलं सर्वांत महागडं उदाहरण पॅरिसचं आहे. ऑक्टोबर २०१६मध्ये अमेरिकन तारका किम कार्दशियन तिथे एका आलिशान मुक्कामी उतरली होती. बोटातल्या अंगठीची किंमत सुमारे ४० लाख डॉलर, आणि त्या अंगठीचे फोटो तिच्या कोट्यवधी चाहत्यांच्या फोनवर. ३ ऑक्टोबरच्या पहाटे पोलिसी वेशात काही माणसं आली, तिला बांधून ठेवलं आणि जवळजवळ एक कोटी डॉलरचा ऐवज घेऊन पसार झाली. त्यांतले काही चक्क सायकलवरून गेले. पुढे पकडले गेल्यावर कळलं की यातली बरीच मंडळी साठीच्या आसपासची किंवा साठी ओलांडलेली. फ्रेंच वृत्तपत्रांनी त्यांचं नाव ‘आजोबा दरोडेखोर’ ठेवलं. आजोबांना मोबाइल वापरता येत नाही अशी तक्रार घरोघरी असते. या आजोबांच्या म्होरक्याने मात्र पोलिसांना जबाबच दिला की दागिने कोणते, खरे की खोटे, बाई फ्रान्सला कधी येणार, हे सगळं इंटरनेटवर बघून कळत होतं. मे २०२५मध्ये पॅरिसच्या कोर्टाने दहापैकी आठ जणांना दोषी ठरवलं. अंगठी अजून मिळालेली नाही.

आपल्याकडे चाळीस लाख डॉलरची अंगठी कुठून येणार, असं म्हणून गृहस्थ सुस्कारा सोडेल. त्याच्यासाठी २०१२चं ऑस्ट्रेलियातलं उदाहरण आहे. सिडनीत आजीकडे गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने आजीच्या घरातल्या नोटांच्या ढिगाचा फोटो फेसबुकवर टाकला. काही तासांत तोंड बांधलेले दोन दरोडेखोर शंभरेक किलोमीटर लांब असलेल्या तिच्या आईच्या घरी हजर. पैसे तिथे नव्हतेच. मुलीने रक्कम दाखवली आणि पत्ता सांगायचा राहिला, त्याचा त्रास बिचाऱ्या आईला झाला.

सिंगापूरच्या पोस्टमध्ये आणखी एक दागिना असतो, बोर्डिंग पास. पासपोर्टच्या पानांतून तो अर्धा बाहेर डोकावतोय, शेजारी कॉफीचा कप, असा फोटो काढल्याशिवाय विमान उडत नाही अशी अनेकांची समजूत आहे. मार्च २०२०मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी असाच पास इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरचा बुकिंग क्रमांक आणि आडनाव घेऊन एका तरुणाने विमान कंपनीच्या संकेतस्थळावर प्रवेश केला आणि पानामागचा संगणकीय मजकूर उघडून पाहिला. त्यात माजी पंतप्रधानांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर होता. तरुण सज्जन होता, त्याने सरकारला आणि कंपनीला कळवलं. पुढे अ‍ॅबट यांनी स्वतः त्याला फोन केला आणि हे कॉम्प्युटरचं प्रकरण मुळापासून समजून घ्यायला एखादं पुस्तक आहे का, अशी चौकशी केली. देश चालवलेल्या माणसाला निदान पुस्तक मागावंसं वाटलं. गृहस्थ मात्र पुढच्या वेळी पासचा फोटो आणखी जवळून काढतो, कारण मागच्या वेळी नाव नीट दिसलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, हे परदेशी लोकांचे चाळे. तर २८ जुलै २०१८ला दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे तत्कालीन अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी आपला आधार क्रमांक ट्विटरवर जाहीर केला आणि यावरून माझं काही नुकसान करून दाखवाच, असं आव्हान दिलं. काही तासांत त्यांचा मोबाइल नंबर, पत्ता, जन्मतारीख, पॅन असं बरंच काही ट्विटरवर फिरू लागलं. एकाने तर त्यांच्या खात्यात एक रुपया जमा करून दाखवला. शर्मा म्हणाले, नुकसान कुठे झालं? हिशेबाने पाहिलं तर एक रुपयाचा फायदाच झाला होता. आधार प्राधिकरणाने सांगितलं, आमच्याकडून काहीही फुटलेलं नाही, ही माहिती इंटरनेटवर आधीपासूनच होती. आणि दोन-तीन दिवसांत याच प्राधिकरणाने जनतेला बजावलं की आपला आधार क्रमांक असा चारचौघांत सांगू नका.

जनतेने ऐकलं. तीन वर्षांनी लस आली तेव्हा जनतेने आधारचे सगळे बारा आकडे सांगितले नाहीत, शेवटचे चारच सांगितले. लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर नाव, वय, ओळखपत्राचे शेवटचे चार आकडे आणि क्यूआर कोड असे. दंडावर कापूस दाबून धरण्याआधी ते प्रमाणपत्र स्टेटसला लागे. मे २०२१मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सायबर दोस्त’ या ट्विटर खात्याला ‘हे प्रमाणपत्र समाजमाध्यमांवर टाकू नका’ असं सांगावं लागलं. आणि ही सूचनासुद्धा लोकांनी आपापल्या प्रमाणपत्राच्या खालीच शेअर केली असेल, अशी दाट शंका आहे.

मराठी घरात तर एक खास कुलूप आहे. ते म्हणजे आई. दहावीचा निकाल बोर्डाच्या संकेतस्थळावर पाहायचा तर बैठक क्रमांक लागतो आणि आईचं नाव लागतं. इकडे बँका वर्षानुवर्षं विचारत आल्या : आईचं माहेरचं आडनाव काय? मातृदिन उजाडला की गृहस्थ या दोन्ही कुलपांच्या किल्ल्या भिंतीवर टांगतो. आईचा तरुणपणीचा फोटो, खाली तिचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव. कमेंटमध्ये तिन्ही मामा येतात, आडनावासकट. एखादी मावशी चूक दुरुस्त करते, ‘अरे, ती त्या शाळेत पाचवीपासून होती, आधी पुतळ्यासमोरची.’ वाढदिवसाला शुभेच्छा देणारे जन्मतारीख पुरवतात, लग्नाच्या वाढदिवसाला जोडी कुठे जमली ते कळतं, आणि लग्नपत्रिका असेल तर विचारायलाच नको. तीन पिढ्या, दोन कुळं, मूळ गाव आणि ‘संपर्कासाठी’ म्हणून चार मोबाइल नंबर.

जोडी कुठे जमली, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं ईमेल खातं एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने उघडलं. त्यासाठी त्याने संगणकशास्त्राचं काही दिव्य केलं नाही. पासवर्ड विसरलो असं सांगितलं आणि विचारलेल्या तीन गोष्टी भरल्या : जन्मतारीख, पिनकोड, नवऱ्याची गाठ कुठे पडली. तिसऱ्याचं उत्तर होतं शाळा. हे सगळं त्याला इंटरनेटवर सापडलं. त्याला पुढे एक वर्ष आणि एक दिवसाची शिक्षा झाली. गंमत म्हणजे पेलिनबाईंची माहिती त्या मोठ्या माणूस असल्यामुळे इतरांनी लिहून ठेवली होती. गृहस्थाची माहिती कुणी लिहीत नाही, म्हणून तो स्वतः लिहितो.

जे तो लिहायचं विसरतो ते खेळातून काढून घेता येतं. ‘मागच्या जन्मी तुम्ही कोण होता?’ छापाच्या खेळाला एकदा हो म्हटलं की झालं. फेसबुकवरची माहिती परस्पर काढून घेतल्याच्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात असाच व्यक्तिमत्त्व ओळखण्याचा एक खेळ होता. २०१८मध्ये फेसबुकने भारताचा आकडा दिला. खेळ खेळणारे ३३५, आणि माहिती बाहेर गेल्याची शक्यता असलेले ५,६२,४५५. म्हणजे ३३५ जणांना आपला स्वभाव जाणून घ्यायचा होता आणि त्याची किंमत मित्रयादीतल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी मोजली. मेव्हणा त्यातच कुठेतरी असणार.

घरातल्या सर्वांत धाकट्या सभासदाला तर विचारतही नाही कुणी. बाळ दवाखान्यातून घरी येण्याआधी त्याची जन्मवेळ मिनिटासकट, वजन ग्रॅमसकट आणि दवाखाना नावासकट जाहीर होतो. बारशाला पूर्ण नाव जाहीर होतं. पुढे गणवेशातला फोटो, छातीवर शाळेचं बोधचिन्ह, मागे बसचा क्रमांक. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती कंपन्यांना वापरायची असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा करणाऱ्यांनी दारावर राखणदार म्हणून पालक नेमले. हे पालक दार सताड उघडं टाकून बाळाचा पुढचा फोटो काढायला गेलेत.

या कायद्याआधी सहा वर्षं, २४ ऑगस्ट २०१७ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला होता की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. गृहस्थाला ही बातमी इतकी आवडली की त्याने ती शेअर केली, सोबत स्वतःचं लोकेशन जोडून. त्याची अशी समजूत आहे की आता कायदा आलाच आहे, माहिती सांभाळण्यात हयगय करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा आपण बिनघोर राहावं. दंडाचा आकडा बरोबर आहे. मात्र त्याच कायद्याच्या कलम ३मध्ये लिहिलंय की जी माहिती माणसाने स्वतःच होऊन जगजाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. मुद्दा कळावा म्हणून तिथे एक उदाहरणही दिलंय. ब्लॉगवर मतं मांडताना एका बाईंनी आपली व्यक्तिगत माहिती समाजमाध्यमावर उघड केली, अशा वेळी या कायद्यातल्या तरतुदी लागू होणार नाहीत.

त्या बाईंचं नाव, गाव, आडनाव कायद्याने कुठेही दिलेलं नाही. त्यांना नुसतं ‘एक्स’ म्हटलंय.