एक सप्टेंबर अमर रहे

मरीन ड्राइव्हवरच्या, दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या प्रशस्त फ्लॅटचे वर्णन करण्यात जागा घालवत नाही. गोलाईची बाल्कनी, टेराझोची फरशी, उंच छत, मागच्या बाजूला नोकरांसाठी वेगळा जिना. वाचकांनी हे सगळे पाहिलेले आहे, निदान टॅक्सीच्या खिडकीतून. 2018 मध्ये ही रांग जागतिक वारसा यादीत गेली. सज्जे गेले, जाळ्या गेल्या, दर्शनी भागावरची झोकदार अक्षरेही गेली. सर्वांत जिवापाड जपलेली वस्तू मात्र यादीत यायची राहिली. ती म्हणजे भाडे.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे म्हणून 1 सप्टेंबर 1940 रोजी चालू असलेले भाडे धरले. जर्मनीने पोलंडवर हल्ला केल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झाले होते. म्हणजे घर युद्धापूर्वीचे आणि भाडे युद्धकाळातले. युद्ध संपले, इंग्रज गेले, संस्थाने गेली, आणे-पै गेले, गिरण्या गेल्या, शहराचे नावही बदलले. एक सप्टेंबर जागचा हलला नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आला, तेव्हा त्यांचे वर्ग पाडताना 'अ' वर्गाची रेघसुद्धा याच तारखेला ओढली गेली. कायदा तात्पुरता होता हे न्यायाने सांगायलाच हवे. मुदतवाढ घेत घेत तो अर्धशतकभर तात्पुरता राहिला. मग 1999 चा कायदा झाला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्याने एकदाच पाच टक्के व पुढे दरसाल चार टक्के वाढीला परवानगी दिली. आता हिशेब करू. 1940 साली भाडे 200 रुपये होते असे समजा. चार टक्के चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी आकडा येतो सुमारे 560 रुपये. कर वेगळे, हे मान्य. पण एवढ्या पैशांत त्याच रस्त्यावरच्या बऱ्याशा हॉटेलात दोघांची कॉफी झाली तर झाली, आणि घरी समुद्र महिनाभर.

याला हात लावा म्हटले की दिवाणखान्यातून पहिला आवाज येतो तो गरिबांच्या काळजीचा. भाडे वाढले तर गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीतला माणूस कुठे जाईल? प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच संताप येतो. त्या खोलीतल्या माणसाला संरक्षण हवेच, त्यावर वाद नाही. पण त्या खोलीच्या भाड्यात इमारतीची गळकी गच्चीही दुरुस्त होत नाही, मालक तिकडे फिरकत नाही, आणि पावसाळ्यात जिना कोसळतो तेव्हा मरतो तो. समुद्राकडे तोंड केलेला भाडेकरू स्वखर्चाने इटालियन संगमरवर बसवतो आणि मोर्चात मात्र त्या मेलेल्या माणसाचे छायाचित्र पुढे धरतो. श्रीमंत भाडेकरू आणि गरीब भाडेकरू कायद्याने वेगळे कसे काढणार, असा दुसरा आक्षेप असतो. कायद्याने ते कधीच केले आहे: एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना 1999 मध्येच या छत्राखालून बाहेर काढले. कंपनीचा ताळेबंद वाचता येतो, तर दिवाणखान्याला टेप लावता येत नाही? क्षेत्रफळाची मर्यादा घालून मोठी घरे वगळण्याचा विचार दहाएक वर्षांपूर्वी पुढे आला होता. ओरड झाली आणि तो गुंडाळला गेला. टेप लहान पडली असावी. तिसरा आक्षेप पागडीचा: आम्ही भरभक्कम रक्कम मोजलेली आहे. मोजली असेल. मात्र जुन्या कायद्याखाली ती घेणे हा गुन्हा होता, त्यामुळे पावती नाही आणि आकडा दरवर्षी आठवणीत वाढतो. ज्याने खरेच मोजली त्याला ती रक्कम आजच्या भावाने वळती करून द्यावी, माझी हरकत नाही. पण मग महिन्याचे भाडेही आजच्याच भावाने लागेल, हे ऐकताच आठवण अंधूक होते. आणि मालक तरी कुठे संत आहेत, असे विचारणारे बरोबर आहेत. नाहीतच. पण मालक लोभी आहे एवढ्यावरून भाडेकरू गरीब ठरत नाही.

या भाडेकरूला बाजारभाव कळत नाही असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. उपनगरात त्याचा स्वतःच्या मालकीचा दुसरा फ्लॅट असतो, आणि तो त्याने दिलेला असतो अकरा महिन्यांच्या करारावर. अनामत सहा आकडी, नूतनीकरणाला दहा टक्के वाढ, भिंतीला खिळा मारायचा नाही. मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर त्याच्याकडून दुप्पट शुल्क घेता येते. ही तरतूदही त्याच 1999 च्या कायद्यात आहे, कलम 24. ते त्याला तोंडपाठ असते.