तीन वर्षांच्या मुलाला कोणती बाई?

पहिलीच्या वर्गावर उभं राहायचं तर डी.एल.एड. लागतं, वर टीईटी. तेच मूल तीन वर्षं आधी नर्सरीत ज्या बाईंच्या हाती देतो, त्यांना काय लागतं? अनेक खासगी नर्सऱ्यांत अस्खलित इंग्रजी आणि तुटपुंज्या पगाराला होकार, एवढ्यावर नेमणूक होते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षापासून लागू होतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला खरा, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे.

वर्गात डोकावून बघा. तीन वर्षांचं पोर चार रेघी वहीवर वाकलेलं असतं, पेन्सिल मुठीत, कारण बोटांत अजून जोरच आलेला नाही. शिकलेली बाई त्याच्यापुढे मातीचा गोळा ठेवते, मणी ओवायला देते, कागद फाडू देते. न शिकलेली बाई हात धरून अक्षर गिरवून घेते आणि भरलेली वही पाहून आईबाप खूश होतात. माया दोघींनाही असते. चड्डी ओली झालेल्या मुलाला चारचौघांत न रागावता हळूच बाजूला कसं न्यायचं, हेही शिकावं लागतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळा अंगणात नेली, पण शिकवायला कुणीही चालेल असं मानलं नाही. बालसेविका घडवण्याचं काम त्यांनी सोबतच केलं. ऐंशी वर्षं झाली याला!

म्हणून परवाना हवाच, आणि तो इमारतीला नको, बाईंना हवा. मात्र चकचकीत डिप्लोम्याच्या कागदावर मिळणारा परवाना कुचकामी. अनुभवी शिक्षिकेच्या नजरेखाली, खऱ्या मुलांसोबत काही महिने काम केल्याशिवाय तो मिळता कामा नये.

अंगणवाडी सेविकांचं काय? धोरण म्हणतं, बारावी झालेल्यांनी सहा महिन्यांचा आणि कमी शिकलेल्यांनी वर्षाचा अभ्यासक्रम करावा. करतील की! पण आहार, वजनं, मोबाइलवरच्या नोंदी सांभाळून, आणि तेही मानधनावर? ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा त्यांना 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून मिळवावा लागला. पात्रतेची अट वाढवणाऱ्या आदेशातच पगाराचा आकडा छापा.

आणि पालकांनो, प्रवेशाच्या वेळी सीसीटीव्ही आणि एसी विचारता, तसं बाईंचं प्रशिक्षण कुठे झालं आणि त्यांना महिन्याला किती मिळतात, तेही विचारा.